प्रत्यय डोळ्यांना, आघात कानांना

इंग्रजी विशेषणे उच्चारताना आपली फसगत झाली की खापर इंग्रजी स्पेलिंगवर फुटते. आम्हांला हा आरोप अर्धाच खरा वाटतो. खरी गोम लॅटिनमधून आलेल्या प्रत्ययांत आहे. 'पेअरंट'ला 'अल' लागला तरी लिहिलेला मूळ शब्द जसाच्या तसा राहतो. तोंडात मात्र आघात पुढच्या अक्षरावर सरकतो, पहिला स्वर क्षीण होतो आणि 'परेंटल' ऐकू येते. 'ॲटम'चे 'अटॉमिक', 'नेचर'चे 'नॅचरल' ही त्याच घरातली भावंडे. आपल्याकडे 'वेद'चे 'वैदिक', 'भूगोल'चे 'भौगोलिक' होते, तेव्हा प्रत्ययाने घडवलेला फरक पानावरच दिसतो. संस्कृतची वृद्धी उघड, इंग्रजीची उलथापालथ झाकलेली.

नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅली यांनी १९६८ साली 'द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश' या ग्रंथात या झाकलेपणाचे कौतुक केले. मूळ शब्द डोळ्यांसमोर अखंड राहतो आणि उच्चार नियमाने काढता येतो, म्हणून इंग्रजी लेखनपद्धती आदर्शाच्या जवळपास आहे, असे त्यांचे म्हणणे. ज्याने भाषा आधी ऐकली आणि मग वाचली, त्याच्यापुरते ते मान्य करता येईल. इंदूर-बडोद्याकडच्या आपल्या जुन्या घरांतून अनेकांचे इंग्रजी आधी डोळ्यांतून आले, क्रमिक पुस्तकांतून आणि कचेरीच्या कागदांतून. अशा वाचकाला अखंड दिसणारा मूळ शब्दच चकवतो. ग्रंथकारांना हा वाचक दिसलेला नाही.

नियम सांगताना मात्र त्यांनी जे दाखवले ते मोलाचे आहे: इंग्रजी आघाताची रीत बरीचशी लॅटिनच्या रीतीसारखी आहे. 'अल' आणि 'अस' या प्रत्ययांच्या विशेषणांत शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर पडतो. लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. मोरोपंतांच्या आर्या मात्रा मोजत म्हणणाऱ्या घरांना याहून ओळखीचे काय असणार? 'ॲक्सिडेंटल', 'हॉरिझाँटल', 'ट्रिमेंडस' पाहावेत. अनुस्वाराने अक्षर गुरू झाले आणि आघात तेथेच बसला. 'युनिव्हर्सल'मध्ये ते काम जोडाक्षराने केले. 'पर्सनल', 'जेनरस', 'म्युनिसिपल' यांत उपान्त्य अक्षर लघू, म्हणून आघात एक घर मागे. नगरपालिकेच्या पाटीवर रोज दिसणाऱ्या त्या शब्दात 'नि'वर जोर द्यायचा असतो, हे आपल्यापैकी किती जणांना शाळेत सांगितले गेले?

'इक'चा स्वभाव वेगळा. तो गुरु-लघू पाहत नाही, आघात सरळ आपल्या शेजारी ओढतो: 'हिरोइक', 'इकनॉमिक'. 'ॲरबिक', 'कॅथलिक' हे त्याला न जुमानणारे. 'अरिथ्मटिक' हे नाम असताना आघात दुसऱ्या अक्षरावर, विशेषण होताच तिसऱ्यावर. 'ऑब्जेक्टिव्ह', 'सब्जेक्टिव्ह' यांत गुरू अक्षराचा मान राखला जातो. पण खुद्द विशेषणाचे इंग्रजी नाव 'ॲडजेक्टिव्ह' पहिल्या अक्षरावर आघात घेऊन मोकळे!

'एबल'मध्ये तर घरातलेच भांडण आहे. 'कम्पेअर'वरून जुन्या वळणाचे 'कॉम्परबल' झाले, आघात पहिल्या अक्षरावर. आता क्रियापदाचा आघात तसाच ठेवून 'कम्पेअरबल' म्हणणारेही बरेच आहेत. 'फॉर्मिडबल'चा आघात ब्रिटनमध्ये पहिल्यावरून दुसऱ्या अक्षराकडे सरकू लागला आहे. तेव्हा उच्चारावरून कोणाला हसण्याआधी इंग्रजांचे आपसांत किती जमते तेही पाहावे.

आमची तक्रार आहे ती आपल्याकडच्या इंग्रजी-मार्गदर्शकांविषयी. यांतल्या अनेकांत उच्चार देवनागरीत काळजीपूर्वक छापलेला असतो, पण आघाताची खूण नसते. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे संपादकांनाही तिची उणीव भासत नसावी. अक्षरावर एक उभी रेघ, एवढाच छपाईचा खर्च. आणि प्रस्तावनेत एक पान गुरु-लघूंसाठी दिले, तर शेकडो विशेषणे एकेक करून पाठ करण्याचा विद्यार्थ्याचा ताप वाचेल.