प्रयोगवही आणि इंजिनाची नोंदवही

७ जुलै १९६२ रोजी अलितालियाचे विमान जुन्नर भागातील डोंगरावर आदळले. ९४ माणसे गेली. तिथे चूक स्थान ठरवण्याची होती. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईत कॅराव्हेल कोसळून ९५ जण मेले. तिथे इंजिनाच्या चकतीला भेग गेली होती. दर उड्डाणात ताण येतो-जातो, धातू थकतो. भेग सहसा वरून दिसत नाही. म्हणून उड्डाणे नोंदवहीत मोजतात, ठरलेली संख्या भरली की चकती बदलतात. नोंद खोटी असेल तर सगळे गणितच खोटे.

आपल्या प्रयोगवह्या मात्र 'आदर्श' वहीवरून उतरवलेल्या. लंबकाचा आवर्तकाल साऱ्या वर्गाचा एकच! आम्हांला हे घातक वाटते. चुकलेले वाचन खोडू नये; एक रेघ मारून शेजारी नवे लिहावे. शिक्षकांनी गुण त्या रेघेला द्यावेत.