हिंसेची दिशा : तेंडुलकरांच्या दोन पटकथांतील व्यक्तिरेखन

चित्रपटातील हिंसेची चर्चा बहुधा तिच्या प्रमाणाभोवती घुटमळते. पटकथेच्या समीक्षेत मात्र ती किती, यापेक्षा ती कोणावर कोसळते हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो. विजय तेंडुलकरांनी गोविंद निहलानी यांच्यासाठी लिहिलेल्या ‘आक्रोश’ (१९८०) आणि ‘अर्धसत्य’ (१९८३) या पटकथा या दृष्टीने एकत्र वाचायला हव्यात.

‘आक्रोश’मधील आदिवासी लहान्या भिकूवर पत्नीच्या खुनाचा आरोप आहे. त्याचे मौन ही व्यक्तिरेखेतील उणीव नव्हे. तेच त्याचे व्यक्तिरेखन आहे. वडिलांच्या अंत्यविधीसाठी बेड्यांसह आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलतो, ती अत्याचाऱ्यांवर नव्हे, तर स्वतःच्या बहिणीवर. पत्नीच्या वाट्याला आलेले बहिणीच्या वाट्याला येऊ नये, असा त्यामागचा भयाण तर्क.

श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर आधारलेल्या ‘अर्धसत्य’मध्ये हीच दिशा अधिक गुंतागुंतीची होते. आईला मारणाऱ्या बापापुढे अनंत वेलणकर लहानपणी हतबल होता. त्याच बापाच्या आग्रहामुळे तो पोलीस खात्यात आला. रामा शेट्टीपुढे कायदा चालत नाही, तेव्हा तुंबलेला संताप कोठडीतल्या एका क्षुद्र चोरावर फुटतो आणि तो मरतो. येथे वेलणकर बापाचाच वारसा चालवतो.

शेवटी तो शेट्टीला ठार करतो. हे कृत्य न्यायासारखे वाटू शकते; परंतु घटनाक्रम तसे वाटू देत नाही. कोठडीतील मृत्यूनंतर स्वतःच्या बचावासाठी वेलणकर शेट्टीच्या दारी गेलेला आहे. हत्या होते ती त्या लाचारीच्या टोकाला. पटकथेतील नैतिक निवाडा संवादांतून नव्हे, तर प्रसंगांच्या अशा क्रमातून होतो, आणि तेंडुलकरांचे सामर्थ्य यातच आहे.

तथापि या सामर्थ्याला एक मर्यादा आहे. पत्नी, बहीण, आई या स्त्रिया पुरुषाच्या हतबलतेचे माप म्हणून येतात. बहिणीला स्वतःच्या जगण्यामरण्याविषयी काही म्हणायचे असेल, ही शक्यता ‘आक्रोश’ विचारात घेत नाही. लहान्याचे मौन अर्थपूर्ण ठरते. तिचे मौन केवळ गृहीत धरले जाते. हिंसेची उतरंड इतक्या नेमकेपणाने दाखवणारी पटकथा व्यक्तिरेखनात तीच उतरंड कायम ठेवते, हा अंतर्विरोध समीक्षेने नजरेआड करता कामा नये.