दुकानाची वंशावळ

आमच्या शेजारचे काका श्रीखंडाची वाटी पुढ्यात ठेवतात आणि मग चक्क्याची हकीकत सांगू लागतात. दूध कुणाचं, फडकं कितीदा धुतलं, किती तास टांगलं. आपण चमचा हातात धरून माना डोलवायच्या.

परवा मुलाच्या आग्रहाखातर 'द किंग्ज मॅन' हा २०२१ सालचा चित्रपट घरी पाहिला आणि काकांची फार आठवण झाली.

मॅथ्यू व्हॉन या दिग्दर्शकाचा २०१४ चा 'किंग्समन' हे मूळ श्रीखंड. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंपीआळीत एक खानदानी दुकान आणि त्याच्या आड गुप्तहेरांचा अड्डा! कॉलिन फर्थ सुटाची घडी न मोडता छत्रीनं गुंडांना बडवतो. आणखी काय पाहिजे माणसाला? संस्था कशी निघाली तेही त्यानं तिथंच सांगून टाकलं होतं : पहिल्या महायुद्धात बड्या गिऱ्हाइकांचे वारस गेले, पैसा बेवारस राहिला, त्यातून ही संस्था उभी राहिली. दोन-चार वाक्यांत काम झालं. आमची काही तक्रार नव्हती. २०१७ ला दुसरा भाग आला, आणि मग ह्या दोन-चार वाक्यांना दोन तासांहून लांब फोडणी बसली.

तसा माल पुष्कळ आहे. रास्पुतिन नाचता नाचता मारामारी करतो. इंग्लंडचा राजा, जर्मनीचा कैसर आणि रशियाचा झार हे तिघेही टॉम हॉलंडर या एकाच नटानं केलेत. हे मला मनापासून आवडलं. तिघे एकमेकांचे नातलगच होते. महायुद्ध म्हणजे शेवटी भाऊबंदकीच, हे आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही.

पण मध्येच एक गोष्ट घडते. राल्फ फाइन्सचा ड्यूक मरत्या बायकोला शब्द देऊन बसलाय, की पोराला लढाई दिसू देणार नाही. पोरगं हट्टानं जातं. बाप थेट राजाकडे वशिला लावून त्याला माघारी बोलावतो. पोरगं दुसऱ्याच्या नावावर खंदकात राहतं, पराक्रम करतं, आणि हेर समजून आपल्याच माणसाच्या गोळीनं मरतं.

मी चहा खाली ठेवला. पण चित्रपटाला थांबायला कुठली सवड? बाप थोडी दारू पितो, आणि थोड्याच वेळात विमानातून उडी टाकून खलनायकाच्या, बकऱ्या पाळलेल्या डोंगरावर! दुकानाची पाटी लागायची राहिली होती ना!

माझं भांडण एवढंच आहे. दुकानाची वंशावळ कुणी मागितली नव्हती. ह्या बापाची गोष्ट मात्र मी रात्रभर बसून ऐकली असती.

झोपण्यापूर्वी मुलाच्या खोलीत डोकावलो.

"काय हवंय, बाबा?"

"काही नाही. पंखा जरा कमी करू का?"