आठ घोडे जातात कुठे?

मागे एका शिक्षक-शिबिरात चहाच्या सुट्टीत एका शिक्षकांनी खिशातून घडी घातलेले माहितीपत्रक काढून आमच्यासमोर धरले. त्यांनी नुकतीच शंभर सीसीच्या वर्गातली मोटरसायकल घेतली होती आणि हप्ते सुरू झाले होते. "सर, यात शक्ती आठ पीएस लिहिली आहे. पीएस म्हणजे अश्वशक्तीच ना? मग आठ घोडे झाले. पण हिला मागे बसवून घाट चढायला लागलो की चौथ्या गिअरवरून तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागतं. माझे आठ घोडे जातात कुठे?" दुकानदाराने त्यांना "इंजिन अजून मोकळं व्हायचंय" असे सांगून वाटेला लावले होते. आम्ही 'घर्षण', 'हवेचा विरोध' असे काहीतरी बोललो, तेवढ्यात पुढच्या सत्राची घंटा झाली. आमचे उत्तर चुकीचे नव्हते, पण दुकानदाराच्या उत्तराहून फारसे बरेही नव्हते. त्या प्रश्नाचे देणे राहून गेले आहे, ते इथे फेडायचा प्रयत्न करतो.

जाहिरातीतला आकडा खोटाच असतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो बहुतेक वेळा खरा असतो. आमची तक्रार निराळी आहे. तो आकडा ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तो प्रश्न गिऱ्हाइकाने विचारलेलाच नसतो.

उदाहरणादाखल अलीकडच्या हिरो स्प्लेंडर प्लसचे माहितीपत्रक घेऊ. इंजिन ९७.२ सीसी. कमाल शक्ती ५.९ किलोवॅट, म्हणजे ८.०२ पीएस, मिनिटाला ८,००० फेरे असताना. कमाल टॉर्क, म्हणजे दांडा पिळणारे आघूर्ण, ८.०५ न्यूटन-मीटर, मिनिटाला ६,००० फेरे असताना. यात लपवलेले काहीच नाही. पण रस्त्याकडेच्या फलकावर आणि दुकानदाराच्या तोंडी येताना 'मिनिटाला ८,००० फेरे असताना' ही अट गळून पडते, आणि नुसता आठचा आकडा उरतो.

शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. हे अकरावीच्या मुलांना फळ्यावर करून पाहता येईल. ६,००० फेऱ्यांना कोनीय वेग सेकंदाला ६२८ रेडियन, त्याला ८.०५ ने गुणले की सुमारे ५.०६ किलोवॅट येतात. ८,००० फेऱ्यांना वेग ८३८ रेडियन; ५.९ किलोवॅटला त्याने भागले की टॉर्क सुमारे ७ न्यूटन-मीटर येतो. म्हणजे ८,००० फेऱ्यांना इंजिनाचा पीळ कमी झालेला आहे, पण फेरे वाढल्यामुळे शक्ती मात्र वाढली आहे. माहितीपत्रकातल्या दोन आकड्यांतून इंजिनाचा अर्धा स्वभाव असा उलगडतो.

आता गावातल्या रस्त्यावर ८,००० फेऱ्यांनी इंजिन कोण चालवतो? त्या आवाजानेच माणूस गिअर बदलेल. समजा आमचे शिक्षक पत्नीला मागे बसवून ताशी ५० किलोमीटर वेगाने चौथ्या गिअरमध्ये चालले आहेत. फेरे साधारण ४,५०० असतील. टॉर्क ७.५ न्यूटन-मीटर धरला, तर इंजिनाची त्या क्षणी जास्तीत जास्त शक्ती ३.५ किलोवॅट होते, म्हणजे पाच घोड्यांहूनही कमी. बाकीचे तबेल्यातच आहेत. त्यातही माहितीपत्रकातली शक्ती क्रँकशाफ्टवर मोजलेली असते. गिअरपेटी आणि साखळी यांतून चाकापर्यंत पोहोचेतो दहाएक टक्के गळतात, म्हणून चाकाशी ३.२ किलोवॅट धरू.

खर्चाची बाजू अशी. ५० किलोमीटर वेगाला हवेचा विरोध सुमारे ७० न्यूटन आणि गाडी व दोन माणसे मिळून २५० किलो वजनाला टायरचा विरोध सुमारे ३७ न्यूटन. सेकंदाला १३.९ मीटर वेगाने त्यावर दीड किलोवॅट खर्च होतो. शिल्लक राहिले १.७ किलोवॅट, म्हणजे ढकलायला सुमारे १२२ न्यूटन बल. आता वीस मीटर गेल्यावर एक मीटर वर नेणारा चढ आला, तर गुरुत्वाकर्षणाचा मागे ओढणारा भाग २५० गुणिले ९.८ भागिले २०, म्हणजे १२२ न्यूटन. शिल्लक शून्य! (आकडे इतके नेमके जुळले हा योगायोग आहे. हा कागदावरचा अंदाज आहे, दहा-पंधरा टक्क्यांचा फरक सहज पडेल.) मूठ पूर्ण पिळली तरी गाडी वेग घेणार नाही, आणि चढ आणखी तीव्र झाला की ती दम सोडू लागेल. इंजिन मोकळे होण्याचा इथे काही संबंध नाही.

तिसऱ्या गिअरवर आले की काय होते? गिअर शक्ती निर्माण करत नाही. तो इंजिनाला त्याच वेगाला सहा हजारांच्या जवळपास फिरू देतो, आणि तिथे पाच किलोवॅट मिळतात. सपाट रस्त्यावरची शिल्लक १.७ वरून तीन किलोवॅटवर जाते. गिअर उतरवणे हा गाडीचा कमकुवतपणा नाही. तबेल्यातले घोडे बाहेर काढण्याचा तो एकच रस्ता आहे. हे त्या शिक्षकांना त्याच दिवशी सांगायला हवे होते.

या हिशोबाचा एक भाग मात्र केवळ कुतूहलाचा नाही. याच जोडीला सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ट्रक ओलांडायचा आहे असे समजा. सुरुवातीचे त्वरण सेकंदाला सेकंदाला अर्धा मीटर, आणि वेग वाढेल तसे तेही घटत जाणार. ५० वरून ६५ वर जायला सुमारे १० सेकंद लागतील. तेवढ्यात मोटरसायकल १६० मीटर पुढे जाईल, आणि समोरून ताशी ६० ने येणारे वाहन जवळजवळ १७० मीटर अलीकडे येईल. म्हणजे सव्वातीनशे मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा, तोही फक्त वेग पकडण्यासाठी. 'आठ घोडे आहेत की' या भरवशावर शंभर-दीडशे मीटरच्या मोकळ्या पट्टीत घुसणारा मुलगा चुकीचा आकडा वापरत नसतो. तो बरोबर आकडा चुकीच्या जागी वापरत असतो. आमच्या बारावीच्या वर्गांतली किती मुले गाडीवरून येतात, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

मग हे आठ घोडे एकत्र कधी जुंपले जातात? एकटा चालक सपाट रस्त्यावर पूर्ण मूठ पिळून ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास पोहोचला म्हणजे. हवेच्या विरोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तिथे सगळी जमा आणि सगळा खर्च एक होतात. याचीच दुसरी बाजू अशी की शक्ती दुप्पट केली तरी सर्वोच्च वेग दुप्पट होत नाही. दोनचे घनमूळ १.२६, म्हणजे वेग साधारण सव्वापट. शोरूममध्ये दुप्पट शक्तीसाठी मोजलेले जादा पैसे वेगाच्या काट्यावर इतकेच दिसतात. (चढावर आणि वेग घेताना ते जास्त दिसतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.)

आकडा कुठल्या अटीवर मोजला, याने किती फरक पडतो याचे फार चांगले उदाहरण अमेरिकेत घडले. १९७१ पर्यंत तिथे 'ग्रॉस' अश्वशक्ती जाहीर करण्याची पद्धत होती. इंजिन डायनॅमोमीटरवर जवळजवळ उघडे ठेवायचे. एअर क्लीनर नाही, गाडीतला सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा बोजा नाही. १९७२ पासून गाडीत बसवतात तसे सगळे जोडून मोजलेली 'नेट' शक्ती देणे सुरू झाले. मधल्या १९७१ साली जनरल मोटर्सने दोन्ही आकडे छापले. कॉर्व्हेट गाडीच्या ३५० घनइंची मूळ इंजिनाचे २७० आणि २१०; ४५४ घनइंची मोठ्या इंजिनाचे ३६५ आणि २८५. दोन्हीकडे बावीस टक्के घट, आणि तीही इंजिनाच्या एका स्क्रूला हात न लावता! त्याच काळात कमी शिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनांचे दाबगुणोत्तर उतरवले गेले होते, त्यामुळे थोडी खरी घटही झाली होती. पुढे लोकांनी ही खरी घट आणि कागदावरची घट एकत्र केली आणि सगळे खापर प्रदूषणाच्या नियमांवर फोडले. मोजण्याची रीत बदलली की जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत, ही साधी गोष्ट तिथे भल्याभल्यांच्या लक्षात आली नाही.

सरळसरळ फुगवलेले आकडेही असतात. १९९९ साली फोर्ड मस्टँग कोब्रा ३२० अश्वशक्तीची म्हणून विकली गेली. मालकांनी स्वतः मोजून घेतले, शक्ती कमी भरली, आणि कंपनीला विक्री थांबवून गाड्या दुरुस्तीला परत बोलवाव्या लागल्या. २००१ च्या माझदा मियाटाचा आकडा १५५ वरून १४२ वर आणावा लागला आणि गाड्या परत घेण्याची तयारी दाखवावी लागली. उलट जपानी कंपन्या १९८९ पासून २००४ पर्यंत आपसांतल्या समजुतीने २८० पीएसच्या वर आकडाच लिहीत नसत, मग इंजिन त्याहून जास्त देत असले तरी! पण ही सगळी अपवादात्मक प्रकरणे. भारतात पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था वाहनांच्या मान्यतेसाठी चाचण्या घेतात, आणि लेखाच्या सुरुवातीच्या माहितीपत्रकाशी आमचे काही भांडण नाही.

प्रमाणित चाचणीचा आकडा २५ अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या जवळपासच्या हवेच्या दाबाला जुळवून दिलेला असतो, हेही इथे सांगायला हवे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पंधराएक टक्के कमी असतो, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्तीही साधारण त्याच प्रमाणात उतरते. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, ती एक तृतीयांशाने कमी होते.

गंमत अशी की अश्वशक्ती हे एककच मुळात विक्रीसाठी जन्माला आले. जेम्स वॉटला आपली वाफेची इंजिने घोडे वापरणाऱ्या गिरणीवाल्यांना विकायची होती, म्हणून त्याने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड कार्य हे एका घोड्याचे माप ठरवले. दिवसभर सतत एवढे काम सामान्य घोड्याला झेपत नाही. म्हणजे वॉटने घोड्याला झुकते माप दिले, आणि त्याचे 'दहा घोड्यांचे' इंजिन खऱ्या दहा घोड्यांना भारी पडले. उलट काही सेकंदांपुरता एक घोडा जवळजवळ पंधरा अश्वशक्ती देऊ शकतो, असा हिशोब १९९३ साली स्टीव्हन्सन आणि वासरसग यांनी 'नेचर'मध्ये मांडला होता. घोडा एकच, किती वेळ, एवढाच फरक.

हा 'किती वेळ' गाळून किती माल खपला! घराघरांतल्या टेपरेकॉर्डरवरचे 'पीएमपीओ'चे हजार-हजार वॉटचे स्टिकर ज्यांना आठवतात, त्यांना सांगायला नको. तो डबा भिंतीतल्या प्लगमधून शंभर वॉटसुद्धा घेत नसे. विजेवरच्या स्कूटरच्या बाबतीत हाच प्रश्न नव्याने आला आहे. जाहिरातीत शिखरशक्ती लिहितात. ती मोटर थोडाच वेळ देऊ शकते, कारण ती तापते. सतत मिळणारी शक्ती बरीच कमी असते, आणि लांबच्या घाटात कामाला येते ती हीच.

आता थोडे आपल्याकडे वळू. नववीच्या पुस्तकात 'कार्य आणि ऊर्जा' या पाठात कार्य करण्याचा दर म्हणजे शक्ती, ही व्याख्या येते आणि १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट हेही येते. (पीएस ही मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॉटची. पुस्तकातल्या सूत्राने माहितीपत्रक तपासणारा मुलगा हमखास गोंधळतो.) मग येतात टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाची उदाहरणे. पंपाची शक्ती दिलेली, वेळ काढा. पंप नेहमी तेवढीच शक्ती देतो असे गृहीत असते, आणि शक्ती हा वस्तूचा वजनासारखा कायमचा गुण आहे, अशी समजूत मुलांच्या मनात पक्की होते. ही समजूत आम्हीच करून देतो. जाहिरातदार फक्त तिचा फायदा घेतो.

यावर एक प्रयोग सुचवतो. तो शिक्षकांनी करायचा, मुलांनी कागदावर. सकाळी वारा नसताना, रहदारी नसलेल्या सरळ सपाट रस्त्यावर, हेल्मेट घालून गाडी ताशी ४५ पर्यंत न्यावी आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाकून सोडून द्यावी. वेगाचा काटा ४० वरून ३० वर यायला लागलेला वेळ मागे बसलेल्या सहकाऱ्याने मोजावा. गाडी आणि दोघांचे वजन ठाऊक असले की विरोधाचे बल मिळते. त्याला वेगाने गुणले की ताशी ३५ ला गाडी प्रत्यक्षात किती वॉट मागते ते कळते. दोघे बसलेल्या शंभर सीसीच्या गाडीला हा वेळ साधारण दहा सेकंद यावा आणि शक्ती पाऊण किलोवॅटच्या आत, म्हणजे जेमतेम एक घोडा. तोच प्रयोग उलट दिशेने करावा. दोन उत्तरे सहसा जुळत नाहीत, कारण डोळ्यांना सपाट दिसणारा रस्ता सपाट नसतो. मग सरासरी घ्यावी, आणि तो रस्ता नक्की किती उताराचा आहे हे दोन उत्तरांतल्या फरकावरून मुलांना काढायला सांगावे.