उलट्या पिनेचं कुलूप

वन-नॉर्थमध्ये वायरलेसवर काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा घोळ एकदा तरी घातलेला असतो. वायफाय राउटरला दुसरा अँटेना लावायचा, आटे छान बसतात, पण सिग्नल येत नाही. राउटरच्या कनेक्टरमधली पिन नेहमीच्या एसएमए कनेक्टरच्या उलट बाजूला असते. ही कारखान्याची चूक नव्हे. हा अमेरिकेच्या कायद्याचा परिणाम आहे.

एफसीसीच्या भाग 15 मधलं कलम 15.203 म्हणतं की विनापरवाना यंत्राला उत्पादकाने दिलेल्या अँटेनाशिवाय दुसरा लागता कामा नये. एकतर तो कायमचा जोडा, नाहीतर कनेक्टर तरी जगावेगळा ठेवा. हेतू रास्त आहे. अँटेना शक्ती निर्माण करत नाही, एका दिशेला गोळा करतो. 1 वॅटच्या ट्रान्समीटरला 6 डीबीआयचा अँटेना लावला की त्या दिशेला 4 वॅटचा जोर मिळतो. 12 डीबीआयचा लावला तर जवळपास 16 वॅटचा. मग शेजाऱ्याचं वायफाय बसलंच!

आक्षेप आहे तो उपायावर. तो जगावेगळा कनेक्टर आज ऑनलाइन कुठेही मिळतो, अडॅप्टरसुद्धा. म्हणजे कुलूप लावलं आणि किल्ल्या बाजारात विकायला ठेवल्या. अडतो फक्त नियम पाळणारा. प्रमाणित मॉड्यूल घेऊन सेन्सर बनवणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच प्रकारचा, तेवढ्याच किंवा कमी गेनचा अँटेना चालतो. प्रकार बदलला की पुन्हा चाचणी, पुन्हा खर्च.

सिंगापूरची आयएमडीए वायफायसाठी थेट अँटेनातून बाहेर पडणाऱ्या शक्तीवर मर्यादा घालते. ते मला जास्त सरळ वाटतं. तुम्ही म्हणाल, छतावर मोजायला कोण येणार? खरंय. पण नियम काय वाचवू पाहतोय हे स्पष्ट असलं, तर निदान त्याच्याशी वाद तरी घालता येतो.

भारताच्या 2005 च्या नियमाशी तसा वाद घालायला हवा. 2.4 गिगाहर्ट्झसाठी 4 वॅटची मर्यादा त्यात आहेच, शिवाय अँटेना अधिकृत इमारतीच्या छतापासून 5 मीटरच्या आत हवा. मुंबईतल्या टॉवरच्या गच्चीवर 5 मीटर भरपूर झाले. पालघरच्या पाड्यावर, बैठ्या घरावर, तेवढ्यात समोरची झाडंसुद्धा ओलांडता येत नाहीत. एकाच नियमात उंच इमारतीला सूट आणि झोपडीला बंदी!

आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघरमध्ये टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्याचा प्रयोग केला, कारण त्या लहरी झाडांना कमी अडतात. त्यासाठी प्रायोगिक परवाना लागला. सिंगापूरने 2014 पासून तोच पट्टा डेटाबेसला विचारून विनापरवाना वापरू दिला, आणि त्याच्या चाचण्यांत इथल्याच फ्युजनोपोलिसमधली आयटूआर ही संस्था होती.

म्हणून माझं मागणं साधं आहे: शक्तीवर मर्यादा जरूर ठेवा, पण उंची छतावरून नव्हे, आजूबाजूला कोण ऐकतंय त्यावरून ठरवा.