नणंद, भावजय आणि उमेदवार : निवडणूक वृत्तांकनातील नातेवाचक शब्दांची चिकित्सा

प्रस्तावना

भाषा हे केवळ वृत्त पोहोचविण्याचे साधन नसते. वृत्तातील व्यक्तीला कोणते स्थान द्यावयाचे, हेही ती ठरवीत असते. इंग्रजीत स्त्रीच्या नावामागील उपपदावरून तिची वैवाहिक स्थिती कळते, पुरुषाची कळत नाही, या विषमतेकडे रॉबिन लॅकॉफ यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लक्ष वेधले होते. मराठीत 'सौ.' आणि 'कु.' यांच्या रूपाने ही विषमता आहेच. परंतु राजकीय वृत्तांकनात ती नातेवाचक शब्दांतून अधिक प्रकर्षाने जाणवते. प्रस्तुत लेखात २०२४ च्या बारामती लोकसभा निवडणुकीच्या संदर्भात या शब्दांचा विचार केला आहे.

व्याकरण आणि शब्दयोजना

आदरार्थी बहुवचनाच्या बाबतीत मराठीचे व्याकरण भेदभाव करीत नाही. 'ते म्हणाले' यात जितका आदर आहे तितकाच 'त्या म्हणाल्या' यातही आहे. भेद क्रियापदात नसून नामात आहे. 'दादा', 'आबा', 'भाऊ' ही संबोधने पुरुष नेत्यांनाही लावली जातात, त्यामुळे नात्याचा उल्लेख केवळ स्त्रियांच्या वाट्याला येतो असे म्हणता येत नाही. तथापि 'दादा' म्हणताना 'कोणाचा दादा?' हा प्रश्न उद्भवत नाही. तो शब्द स्वयंपूर्ण होऊन अधिकारवाचक बनतो. 'वहिनी' या शब्दाचे तसे होत नाही. त्यात पती गृहीत असतो आणि स्त्रीची ओळख त्याच्यामार्फतच होते.

बारामतीचे उदाहरण

या निवडणुकीत २००९ पासून बारामतीचे प्रतिनिधित्व करणाऱ्या सुप्रिया सुळे आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या पत्नी सुनेत्रा पवार समोरासमोर होत्या. 'नणंद विरुद्ध भावजय' हे या लढतीचे सर्वपरिचित वर्णन ठरले. वस्तुतः एका उमेदवाराच्या मागे खासदारकीच्या सलग तीन कारकिर्दी होत्या, तर दुसऱ्या बारामतीतील वस्त्रोद्योग उद्यानाशी आणि पर्यावरणविषयक कार्याशी दीर्घकाळ निगडित होत्या. दोघींच्या कार्याची तुलना करण्यास पुरेशी सामग्री उपलब्ध होती. 'लेक' आणि 'सून' या शब्दांनी मात्र मतदारापुढे निराळाच प्रश्न ठेवला : घराण्यावर अधिक हक्क कोणाचा?

प्रचारकाळात शरद पवार यांनी मूळचे पवार आणि बाहेरून आलेले पवार असा भेद केला. हे विधान राजकीय वारशावर दावा सांगणारे होते. त्यावर विचारणा झाली असता सुनेत्रा पवार यांचे डोळे पाणावल्याचे वृत्त ठळकपणे प्रसिद्ध झाले. विवाहाने आडनाव स्वीकारलेली स्त्री राजकीय वारसदार ठरू शकते काय, हा मूळ प्रश्न त्या अश्रूंच्या वर्णनात मागे पडला.

येथे एक आक्षेप संभवतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बारामती विधानसभा मतदारसंघात अजित पवार आणि युगेंद्र पवार यांच्यातील लढतही 'काका विरुद्ध पुतण्या' अशीच रंगविली गेली. मग अन्याय कोणता? उत्तर असे की, 'काका-पुतण्या' ही जोडी महाराष्ट्राच्या राजकारणात सत्तेच्या वाटणीचे रूपक झाली आहे. ती उच्चारताच वारसा, पक्ष आणि नेतृत्व यांचे संदर्भ जागे होतात. 'नणंद-भावजय' ही जोडी उच्चारताच लोकसाहित्यातील उंबरठ्याआतील कुरबूर डोळ्यांपुढे येते. दोन्ही शब्दयोजना नात्याच्याच आहेत. एक दरबाराकडे नेते, दुसरी माजघराकडे.

उमेदवार व कार्यकर्ते स्वतःच 'ताई', 'वहिनी' म्हणवून घेतात, हेही खरे. प्रचारात आपुलकी निर्माण करण्याचा तो त्यांचा अधिकार आहे. परंतु प्रचारकाची भाषा अवतरणचिन्हांशिवाय मथळ्यात आली की, ती वृत्तपत्राची स्वतःची भाषा होते. पुरुष उमेदवाराचा उल्लेख आडनावाने आणि स्त्रीचा केवळ प्रथमनामाने करण्याची सवयही याच जातीची आहे.

समारोप

४ जून २०२४ रोजी सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी विजयी झाल्या. त्याच महिन्यात सुनेत्रा पवार राज्यसभेवर बिनविरोध निवडून आल्या. दोघीही संसदेत पोहोचल्या, त्या लोकप्रतिनिधी म्हणून. लोकसभा व विधानसभांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली. आरक्षण जागा देऊ शकते, ओळख देऊ शकत नाही. ग्रामपंचायतींतील राखीव जागांबरोबर 'सरपंचपती' हा शब्द मराठीत रूढ झाला, हा अनुभव फार जुना नाही. मथळा लिहिताना 'हाच शब्द पुरुष उमेदवारासाठी वापरला असता काय, आणि वापरला असता तर त्याचा अर्थ तोच राहिला असता काय?' हे दोन प्रश्न संपादकीय विभागाने स्वतःस विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते.