'फ्रोडो लिव्हज्': अद्भुतकथा आणि घोषवाक्य

जे. आर. आर. टोल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही अद्भुतकथा १९५४-५५ मध्ये इंग्लंडात तीन खंडांत प्रसिद्ध झाली. १९६५ मध्ये अमेरिकेत तिच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या, आणि थोड्याच अवधीत तेथील प्रस्थापितविरोधी तरुणांच्या बिल्ल्यांवर व शहरांतील भिंतींवर दोन घोषणा झळकू लागल्या: 'फ्रोडो लिव्हज्' आणि 'गँडाल्फ फॉर प्रेसिडेंट'. या घोषणांचे जनकत्व सामान्यतः ग्रंथाला दिले जाते. ते अंशतःच खरे आहे.

पदरचना तपासली असता असे दिसते की, ग्रंथातून आली ती केवळ विशेषनामे; वाक्यांचे साचे आधीच रूढ होते. जाझवादक चार्ली पार्कर १९५५ मध्ये निवर्तल्यावर त्याच्या टोपणनावाने 'बर्ड लिव्हज्' ही अक्षरे न्यूयॉर्कच्या भिंतींवर उमटली होती. दुसरा साचा तर निवडणूक-प्रचाराचाच होय.

पहिल्या घोषणेचे 'फ्रोडो जिवंत आहे' असे मराठी रूप केल्यास केवळ स्थितीची माहिती मिळते. इंग्रजी साध्या वर्तमानकाळात मात्र, या साच्यामुळे, मृत्यू नाकारल्याचा ध्वनी आहे. परंतु ग्रंथात फ्रोडोचा मृत्यू वर्णिलेलाच नाही. जखमी मनाने तो समुद्रापार निघून जातो. तेव्हा ही घोषणा फ्रोडोविषयी फारसे काही सांगत नाही. 'आम्ही एका गोत्राचे वाचक' एवढेच ती सुचवते. ती खूण आहे, अर्थनिर्णय नव्हे.

दुसऱ्या घोषणेचे तसे नाही. फ्रोडो सत्तेची अंगठी स्वतःहून देऊ करतो, तेव्हा गँडाल्फ ती नाकारतो. सद्हेतूने वापरलेली सत्ताही आपल्याला भ्रष्ट करील, ही त्याची भीती असते. सत्तेला भिणाऱ्यालाच सर्वोच्च पदासाठी उभे करणे वरवर विसंगत वाटते. पण सत्ताकांक्षी उमेदवारांवरील उपरोध नेमका या विसंगतीतच आहे. बिल्ला लावणाऱ्या प्रत्येकाला तो उमगला असेलच असे नाही. घोषणेच्या अर्थात मात्र तो आहे.

स्वतः भाषाशास्त्रज्ञ असलेल्या टोल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात रूपककथेविषयी नावड व्यक्त केली, परंतु कथा आपल्या अनुभवाला लावून पाहण्याचे वाचकाचे स्वातंत्र्य मान्य केले. हे स्वातंत्र्य संहितेच्या कसोटीतून मात्र सुटत नाही. त्या कसोटीवर पहिली घोषणा ग्रंथाचे नाव मिरवते. दुसरी ग्रंथ वाचते.